उपकरण बनविणारा शास्त्रज्ञ नव्हे काय?

समजा, तुमची शाळा नशिराबादला आहे. जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. या गावात आणि आसपास थोडी नजर टाकू या आणि एकाच कुळातली तीन यंत्रे शोधून काढू या.

पहिले यंत्र जळगावच्या सराफ बाजारात सापडेल. तुमच्या पणजीच्या काळी सराफ दागिना काळ्या कसोटीवर घासून, उमटलेल्या रेघेच्या रंगावरून सोन्याचा कस सांगत असे. आता दागिना एका पेटीत ठेवतात, झाकण लावतात आणि थोड्याच वेळात सोने किती टक्के, तांबे किती, चांदी किती, हे पडद्यावर उमटते. यात जादू काही नाही. पेटीत दागिन्यावर क्ष-किरण पडतात. त्यांनी चेतवलेले अणू स्वतःचे क्ष-किरण बाहेर टाकतात. सोन्याच्या अणूचे किरण वेगळे आणि तांब्याच्या अणूचे वेगळे. त्यावरून कोण किती आहे ते कळते.

दुसरे यंत्र माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत भेटेल. केळीची पाने पिवळी पडू लागली, तर जमिनीत जस्त कमी आहे की लोह कमी आहे, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून मातीचा अर्क ज्योतीत फवारतात आणि त्या ज्योतीतून खास जस्ताच्या दिव्याचा प्रकाश सोडतात. ज्योतीत जस्ताचे अणू जितके अधिक, तितका तो प्रकाश अधिक शोषला जातो. किती प्रकाश हरवला ते मोजले, की जस्त किती आहे ते कळले.

तिसऱ्या यंत्रासाठी नशिराबादबाहेर जायलाही नको, कारण तेथे सिमेंटचा कारखाना आहे. सिमेंटच्या धंद्यात चुना, सिलिका, लोह यांचे प्रमाण जरा चुकले तरी मालाची प्रत बिघडते, आणि ते प्रमाण तपासायला सोन्याच्या पेटीच्याच जातीचे, पण मोठे यंत्र वापरतात.

ही सारी वर्णपटमापक यंत्रे. प्रकाश असो, क्ष-किरण असोत किंवा रेडिओ लहरी असोत, त्यांचे घटक वेगळे करून पदार्थ ओळखायचा, हे त्यांचे काम.

आता माझा प्रश्न असा. या यंत्रांमागचे विज्ञान कोणी घडवले, असे विचारले तर तुम्ही न्यूटन, किर्खोफ, बुन्सेन, रामन अशी नावे घ्याल. ती बरोबरच आहेत. पण यंत्र कोणी बनवले, असे विचारले तर आपण यंत्राच्या पाठीवरची पत्र्याची पट्टी वाचून एखाद्या कंपनीचे नाव सांगू, आणि ते सांगताना आपला सूर बदलेल. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञ आणि कारखानदार तो कारखानदार! एकाने शोध लावायचा, दुसऱ्याने माल विकायचा. ही वाटणी मला मान्य नाही. ती खोटी आहे आणि आपल्या देशाला ती महाग पडते, हे मला आज तुम्हांला पटवून द्यायचे आहे.

प्रथम इतिहासच पाहू. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा तुम्ही फ्राउनहोफरच्या नावाने शिकता. हा जोसेफ फ्राउनहोफर प्राध्यापक नव्हता. लहानपणी पोरका झालेला आणि आरसे-काचा बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केलेला हा मुलगा पुढे बव्हेरियातल्या भिंगांच्या कारखान्यात काम करू लागला. चांगले भिंग करायचे तर काच प्रत्येक रंगाला किती वाकवते, हे नेमके मोजले पाहिजे. पण ‘तांबडा’ म्हणजे नेमका कोठला तांबडा? मोजायला खूण हवी होती. ती शोधताना, 1814 च्या सुमारास, त्याला सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा दिसल्या आणि त्याने त्यांचा नकाशा काढला. पुढे त्याच रेषांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळले. म्हणजे वर्णपटशास्त्राचा पाया घालणारे एक मोठे काम उपकरणांच्या कारखान्यात, गिऱ्हाइकाला अधिक चांगले भिंग देण्याच्या खटपटीतून झाले. तरीही त्याला विद्वानांच्या अकादमीत घ्यायची वेळ आली तेव्हा, हा तर कारागीर, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला, म्हणून काहींनी नाके मुरडली. मी म्हणतो ती वाटणी अशी जुनी आहे!

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये 1948 साली रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी काही सहकाऱ्यांसह एक छोटी कंपनी काढली. थोडे आधी, 1946 च्या सुमारास, स्टॅनफर्ड विद्यापीठातील फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्ड विद्यापीठातील एडवर्ड पर्सेल यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन स्वतंत्रपणे शोधले होते. नाव लांबलचक आहे, कल्पना सोपी आहे. हायड्रोजनसारख्या काही अणूंची केंद्रे चिमुकल्या चुंबकांसारखी वागतात. त्यांना प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात ठेवले आणि वरून रेडिओ लहरी सोडल्या, तर एका ठरावीक वारंवारतेला ती प्रतिसाद देतात. ब्लॉख आणि पर्सेल यांना या शोधाबद्दल 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीत एक भारतीय नावही आहे. 1951 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड या तिघांनी साधे अल्कोहोल चुंबकात ठेवून पाहिले. चुंबकाचे क्षेत्र सर्वत्र अगदी सारखे असेल अशी त्यांनी काळजी घेतली होती. त्यांना एकाऐवजी तीन शिखरे दिसली आणि त्यांची क्षेत्रफळे 3:2:1 या प्रमाणात होती. आता अल्कोहोलचे सूत्र आठवा. त्याच्या रेणूत सहा हायड्रोजन अणू असतात. त्यांतले तीन एका कार्बनला जोडलेले, दोन दुसऱ्या कार्बनला आणि एक ऑक्सिजनला. रेणूची रचनाच जणू कागदावर उतरली होती! हे तिघांतले श्री. स. धर्मट्टी असे लिहिण्याचा मोह आवरतो, कारण शोधनिबंधावर ते एस. एस. धर्मट्टी आहेत. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचे संशोधन त्यांनी तेथे सुरू केले. तिसरे, मार्टिन पॅकर्ड, व्हेरियन कंपनीत गेले. चुंबकाचे क्षेत्र सारखे करणे हे म्हटले तर मिस्त्रीकाम, पण ते झाले नसते तर ती तीन शिखरे कोणालाच दिसली नसती, हे लक्षात ठेवा.

1952 साली व्हेरियन कंपनीने असे पहिले तयार यंत्र टेक्सासमधील एका तेल कंपनीला विकले. पण यंत्र विकत घेऊन रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे करायचे काय? ते कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा जेम्स शूलरी नावाच्या कंपनीच्याच रसायनशास्त्रज्ञाने ते काम अंगावर घेतले. वेगवेगळे पदार्थ यंत्रात घालून त्यांचे वर्णपट काढायचे, त्यांतले नियम शोधायचे, ते छापायचे, लोकांना बोलावून शिकवायचे. 1962 साली कंपनीने शेकडो पदार्थांच्या वर्णपटांचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. यात धंदा होता का? होताच. वर्णपट वाचता येऊ लागले, की यंत्राला गिऱ्हाईक मिळणार. पण जगभरच्या विद्यार्थ्यांना त्यातून रेणूंची रचना वाचायची विद्या मिळाली, हेही तितकेच खरे.

आता या गोष्टीचा कळस ऐका. 1963 साली स्वित्झर्लंडहून रिचर्ड एर्न्स्ट हा तरुण व्हेरियन कंपनीत नोकरीला आला. त्या वेळी एक अडचण सर्वांना छळत होती. यंत्र एकेक वारंवारता क्रमाने तपासत जाई. तुमच्या वर्गाची हजेरी आठवा. गुरुजी एकेक नाव घेतात आणि प्रत्येक जण ‘हजर’ म्हणतो. साठ मुले असली तर वेळ जाणारच. शिवाय आवाज अगदी क्षीण असेल तर ऐकूही येत नाही. एर्न्स्ट आणि त्याचा वरिष्ठ वेस्टन अँडरसन यांनी 1964 साली निराळा मार्ग काढला. सर्वांनी एकदमच ‘हजर’ म्हणायचे! रेडिओ लहरींचा एक छोटा ठोका देऊन सगळी अणुकेंद्रे एकाच वेळी जागी करायची, त्यांचा एकत्र गलबला नोंदवून घ्यायचा आणि मग गणिताने त्यातला प्रत्येक आवाज वेगळा काढायचा. हे गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच करून ठेवले होते. ठोका पुन्हा पुन्हा देऊन मिळालेल्या नोंदींची बेरीज केली, की क्षीण आवाजही स्पष्ट होतात. यंत्राची संवेदनक्षमता यामुळे दहापट ते शंभरपट वाढली.

अशा शोधाचे स्वागत कसे झाले असेल? एर्न्स्टने स्वतःच ते पुढे सांगितले आहे. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा निबंध दोन वेळा परत पाठवला. शेवटी 1966 साली तो उपकरणांना वाहिलेल्या दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. आणि व्हेरियन कंपनी? शोध तिच्याच छपराखाली लागला होता, हक्कही तिच्याकडेच होते, पण तसे यंत्र बाजारात आणायला ती तयार होईना. 1969 साली जर्मनीतल्या ब्रुकर या प्रतिस्पर्धी कंपनीने असे पहिले यंत्र करून दाखवले, तेव्हा व्हेरियनची मंडळी थक्क झाली! एर्न्स्टला 1991 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयात डॉक्टर ज्या एम. आर. आय. यंत्रातून मेंदूचे चित्र पाहतात, त्या यंत्रातही हीच युक्ती कामाला येते. व्हेरियनचा उपकरणांचा विभाग 2010 साली अ‍ॅजिलेंट या कंपनीने घेतला आणि 2014 साली तिने चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रांचा धंदाच बंद करण्याचे ठरवले. ब्रुकर मात्र आजही ही यंत्रे बनवते.

या हकिकतीतून मी दोन गोष्टी घेतो. उपकरण बनविणाऱ्याचे संशोधन हे खरे संशोधन असते, ही पहिली. एर्न्स्टने नवे मूलद्रव्य शोधले नाही की नवा नियम सांगितला नाही. त्याने मोजायची नवी रीत काढली, आणि तिच्यामुळे हजारो इतर लोकांना शोध लावता आले. विद्वानांच्या नियतकालिकाला हे उमगले नाही. दुसरी गोष्ट अशी, की नुसते संशोधन करून भागत नाही, ते ओळखावे लागते. कंपनीला गेल्या वर्षीचा खप दिसतो. दहा वर्षांनंतरचा दिसेलच असे नाही. विद्वान आणि व्यापारी दोघेही येथे सारखेच चुकले, कारण दोघांनीही ‘हे तर यंत्रातले काम’ म्हणून त्याचे मोल कमी केले.

कोणी म्हणेल, “कंपनीचे संशोधन म्हणजे जाहिरातच की! स्वतःचे यंत्र चांगले, असेच ती सांगणार.” हा आक्षेप मी उडवून लावत नाही. कंपनीने छापलेला निबंध जरा जपूनच वाचावा. प्रयोग कसा केला, हे पुरते सांगितले आहे काय? दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तोच प्रयोग केला तर तेच उत्तर येईल काय? यंत्र कोठे अपुरे पडते, हेही लिहिले आहे काय? हे तीन प्रश्न विचारा. पण मग हेच तीन प्रश्न विद्यापीठातून आलेल्या निबंधालाही विचारा! सत्याची कसोटी कोणाच्या पत्त्यावर ठरत नाही. सोने कोणाच्या दुकानातून आणले यावरून त्याचा कस ठरतो काय? तो पेटीत ठेवूनच पाहावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्या प्रश्नाला पैसे देणारे गिऱ्हाईक नाही, तो प्रश्न कंपनी घेणार नाही. हे खरे आहे. म्हणूनच सारे काही कंपन्यांवर सोपवून चालत नाही, आणि येथे ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला मोलाचे वाटते. मातीतले जस्त मोजणारे जे यंत्र वर सांगितले, त्याची कल्पना अ‍ॅलन वॉल्श या शास्त्रज्ञाला 1952 साली सुचली. तो तेथील सरकारी संशोधन संस्थेत होता. तोपर्यंत ज्योतीतून बाहेर पडणारा प्रकाश मोजत. वॉल्श म्हणाला, उलट करा, ज्योतीत शोषला जाणारा प्रकाश मोजा. 1955 साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, पण जुन्या उपकरण कंपन्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. तेव्हा त्याने आणि त्याच्या संस्थेने स्थानिक कारागिरांना हाताशी धरले, आणि मेलबर्नच्या टेक्ट्रॉन या छोट्या कंपनीने 1960 नंतरच्या दशकात अशी यंत्रे बनवून परदेशी विकली. 1967 साली ती कंपनी कोणी विकत घेतली असेल? आपल्याच ओळखीच्या व्हेरियनने! उपकरणे बाहेरून मागवणारा देश अशा रीतीने उपकरणे विकणारा झाला. सरकारी संशोधक आणि कारागीर एकत्र बसले म्हणून हे घडले.

आपल्याकडे काय आहे? काहीच नाही असे मुळीच नाही. 1928 साली रामन यांनी कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणाचा जगप्रसिद्ध शोध लावला तो अगदी साध्या उपकरणांनी. विखुरलेला प्रकाश त्यांनी प्रथम हातात धरायच्या लहान वर्णपटदर्शकातून डोळ्यांनी पाहिला. मात्र त्याची छायाचित्रे घेतली ती लंडनच्या हिल्गर कंपनीच्या छोट्या वर्णपटलेखकाने, हेही विसरू नये. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणूंचे वस्तुमान मोजणारे वर्णपटमापक स्वतः बनवले. हैदराबाद आणि अहमदाबाद येथील कंपन्या साधे वर्णपटमापक बनवतात. पण मोठ्या, महागड्या यंत्रांसाठी आपल्या बहुतेक प्रयोगशाळा परदेशाकडेच पाहतात. यंत्र येते, नारळ फुटतो, ते वातानुकूलित खोलीत बसते. ते बिघडले की दुरुस्तीला बाहेरचा माणूस येण्याची वाट पाहावी लागते. यंत्राचे झाकण उघडायला आपण भितो. जो झाकण उघडत नाही, तो यंत्राने दिलेला आकडा निमूटपणे लिहून घेतो. तो आकडा चुकीचा असेल तर? सोन्याच्या पेटीने चुकीचा आकडा दिला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. मातीच्या यंत्राने चुकीचा आकडा दिला तर शेतकरी नको ते खत टाकतो आणि हवे ते टाकायचे राहून जाते. यंत्र समजणारा माणूस गावात असणे ही चैन नव्हे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेच्या कपाटातली उपकरणे ‘फुटतील’ या भीतीने कुलपात ठेवू नका. फुटली तर मुले ती जोडायला शिकतील. आणि वर्षातून निदान एक उपकरण मुलांकडून बनवून घ्या. वर्णपटदर्शकाला फार खर्च येत नाही. बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला दोन ब्लेडांमध्ये बारीक फट ठेवा. दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवा. सीडीवर एका मिलीमीटरमध्ये सुमारे 625 रेघा असतात, त्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात. वरच्या भोकातून आत पाहा. साध्या तारेच्या दिव्याचा पट्टा अखंड दिसेल. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटकडे रोखले तर पाऱ्याची ठळक हिरवी रेषा दिसेल. तिची तरंगलांबी 546 नॅनोमीटर. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेला काकडा धरला तर सोडियमची पिवळी रेषा दिसेल, ती 589 ची. ज्योतीचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा, ब्लेड जपून हाताळा, आणि सूर्याकडे हे खोके कधीही रोखू नका.

आता या दोन रेषांच्या जागा खोक्यात आखून घ्या आणि मधल्या रंगांची तरंगलांबी अंदाजा. येथे तुम्हांला खरी अडचण भेटेल. फट बारीक केली तर रेषा रेखीव होते, पण अंधूक दिसते. फट रुंद केली तर रेषा ठळक होते, पण पसरते. रेखीवपणा हवा की उजेड? फ्राउनहोफरपासून एर्न्स्टपर्यंत प्रत्येकाला हेच कोडे निरनिराळ्या रूपात पडले होते. ज्या दिवशी तुम्ही त्या फटीची रुंदी किती ठेवावी याचा विचार करू लागाल, त्या दिवशी तुमचे संशोधन सुरू झाले असे समजा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या कोणी विचारले, “मोठा होऊन काय होणार?” तर डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक यांच्या जोडीला आणखी एक उत्तर मनात असू द्या: ‘मी मोजायची यंत्रे बनवणार.’ ऐकणारा कदाचित विचारील, “म्हणजे मिस्त्री होणार?” त्याला फ्राउनहोफरची गोष्ट सांगा.